टेबलावरच्या युद्धखेळासाठी झुडपे आणि वई

२८ मिलिमीटर मापाच्या सैनिकांसाठी झुडूप करायला घेण्यापूर्वी ते खेळात नेमके काय करणार आहे, हे ठरवून टाकावे. ज्याच्या आड सैनिक फक्त दिसेनासा होतो ते झुडूप वेगळे आणि ज्याने त्याची वाट अडते ती वई, म्हणजे झाडाझुडपांचे कुंपण, वेगळी. दोन्ही एकाच उंचीची केली, तर प्रत्येक चालीला वाद होतो. या मापात खरी मीटरभर उंची साधारण १७ मिलिमीटर भरते. त्यामुळे कमरेएवढे झुडूप १५ मिलिमीटरचे आणि उभा माणूस पूर्ण झाकणारी वई ३५ ते ४० मिलिमीटरची करावी. मधली उंची टाळलेली बरी, कारण डोके दिसते की नाही हे मग कोणालाच सांगता येत नाही.

लढाई कुठली, यावर झाडोरा ठरतो. १९४४ च्या नॉर्मंडीत शेतांच्या कडेला मातीचे उंच बांध होते आणि त्यांवर मुळे घट्ट रुजलेली दाट झाडी होती. बांधावर चढणाऱ्या रणगाड्याचे पातळ चिलखताचे पोट शत्रूसमोर उघडे पडत असे. तिथली वई करताना आधी बांध करावा आणि मगच त्यावर झाडी लावावी. आपल्याकडे १६८३ साली पोर्तुगीजांनी फोंड्याच्या किल्ल्याला घातलेला वेढा मांडायचा असेल, तर चिऱ्यांचा गडगा, करवंदीच्या गर्द जाळ्या आणि तांबडी माती हवी. घाणेरी आज गोव्यात जागोजागी दिसते, पण ती मूळची अमेरिकेतली असून भारतात एकोणिसाव्या शतकात आली. म्हणून तिची रंगीबेरंगी फुले त्या टेबलावर नकोत.

साहित्याच्या बाबतीत गोवेकरांचे नशीब चांगले आहे. विकतची झुडपे सुबक असली तरी सगळी एकाच साच्यातली दिसतात, तर नारळाच्या सोडणाचा काथ्या घरोघरी असतो आणि त्याच्या दोन जुड्या कधीही सारख्या होत नाहीत. वाळलेल्या सोडणातून अंगठ्याएवढी जुडी ओढून काढावी, झटकून भुसा पाडावा, मधोमध बारीक तार आवळून दुमडावी आणि तारेचे टोक तळाच्या भोकात फेविकॉलने बसवावे. गोंद सुकल्यावर धागे बोटांनी फाकवून शेंडे कात्रीने वरखाली कापावेत. मग जमिनीलगत काड्या मोकळ्या दिसतात आणि वर पसारा भरतो. खऱ्या करवंदीची जाळी वाकून पाहिली तर ती अशीच असते. झुडूप म्हणजे हिरवा गोळा नव्हे, हे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते.

लांब वईसाठी भांडी घासायची हिरवी घासणी उत्तम. तिच्या पट्ट्यांचे दोन-तीन थर एकमेकांना चिकटवून सुकू द्यावेत आणि वरची कड चिमट्याने ओरबाडून काढावी, कारण कात्रीची सरळ कड लगेच डोळ्यांत खुपते. पट्टी १५ सेंटिमीटरची ठेवली की मांडामांड सोपी जाते. एक-दोन तुकड्यांत माणूस शिरेल एवढे खिंडार मुद्दाम ठेवावे. तळ ३ मिलिमीटरच्या प्लायवूडचा घ्यावा, पुठ्ठा ओल्या गोंदाने वाकतो.

रंग आधी गडद तपकिरी द्यावा, त्यावर गडद हिरवा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फक्त शेंड्यांवर पोपटी. पानांसाठी जुन्या गादीतला फोम बारीक तुकडे करून पाण्यासह मिक्सरमध्ये फिरवावा (भांडे पुन्हा स्वयंपाकाला वापरू नये), पिळून हिरव्या रंगात कालवावा आणि वर्तमानपत्रावर पसरून वाळवावा. शेंड्यांना गोंद लावून हा चुरा भुरभुरावा. नंतर फेविकॉल आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा व हे मिश्रण हलके फवारावे. साबणामुळे ते धाग्यांत नीट मुरते. बांधासाठी थर्माकोल वापरल्यास त्यावर स्प्रेचा रंग थेट मारू नये, तो थर्माकोल खाऊन टाकतो. आधी फेविकॉलने कागद चिकटवून थर्माकोल पूर्ण झाकावा.

पावसाळ्याचा विचार मात्र पहिल्या दिवसापासून करावा लागतो. मी एकदा गडग्यावरचे शेवाळ खरवडून, उन्हात दोन दिवस ठेवून तसेच चिकटवले आणि जुलैत सगळ्या वईवर पांढरी बुरशी चढली. अकरा तुकडे टाकून द्यावे लागले. तेव्हापासून तांबडी माती चाळून तव्यावर भाजून घेतो, काथ्या कडक उन्हात वाळवतो आणि शेवाळ वापरतच नाही. गोंदकाम शक्यतो दिवाळीनंतर काढावे, कारण पावसात फेविकॉल वरून सुकलेला दिसला तरी आत ओला राहतो. तयार तुकडे झाकण घट्ट बसणाऱ्या डब्यात, एकावर एक न रचता, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावेत आणि श्रावणात उघडीप मिळाली की एकदा बाहेर काढून पाहावेत.