किपलिंगची ‘इफ’ पाठ कशी करावी, म्हणावी कशी

रुडयार्ड किपलिंगचा जन्म मुंबईतला, 1865चा. त्याची ‘इफ’ 1910 साली छापून आली, 1995 साली बीबीसीच्या कौलात ब्रिटनची सर्वांत आवडती कविता ठरली, आणि तिच्या दोन ओळी विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर खेळाडू आत जातात त्या दारावर आहेत. वक्तृत्व स्पर्धेत मात्र ती बहुतेक वेळा भाषणासारखी ठोकली जाते. हिच्यात बाप मुलाशी बोलतोय. आवाज समोरच्या एकाच माणसाला पोहोचेल एवढा ठेवा.

कविता 32 ओळींची, पण वाक्य एकच. ‘इफ’, ‘इफ’ करत तीस ओळी जातात आणि मुख्य वाक्य 31व्या ओळीला येतं. तोवर आवाज खाली उतरवायचा नाही. कडवं संपलं की आपण सवयीने सूर पाडतो आणि तिथेच ऐकणाऱ्याला कविता संपल्यासारखी वाटते.

पाठ करताना ‘इफ’ मोजून धरा: चार कडव्यांत 3, 4, 2, 4, एकूण 13. घसरायला होतं ते दुसऱ्या आणि चौथ्या कडव्यात, कारण तिथे ‘इफ’ लागोपाठ येतात आणि क्रम उलटापालटा होतो. दुसऱ्याचा क्रम: स्वप्न, विचार, जय-पराजय, सत्य. चौथ्याचा: गर्दी, शत्रू-मित्र, सगळी माणसं, मिनिट. चौथं कडवं आधी पाठ करा. शेवट पक्का असला की मधे अडखळलं तरी सावरता येतं.

आता उच्चार. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘अबाउट यू’मध्ये जोर ‘बाउट’वर, ‘यू’ हलका. दुसरीच्या शेवटी ‘ऑन यू’मध्ये जोर ‘यू’वर. दोन्हीकडे ‘यू’ आपटला की लय मोडते. ‘सिन्यू’चं यमक ‘इन यू’शी आणि ‘मिनिट’चं ‘इन इट’शी, ‘इन इट’ जोडून म्हटलं तरच ते कानाला लागतं. ‘इम्पॉस्टर्स’मध्ये जोर ‘पॉ’वर.

तिसऱ्या कडव्यातला ‘पिच-अँड-टॉस’ हा नाण्यांचा जुगार: खुणेकडे नाणी फेकायची, ज्याचं सर्वांत जवळ पडेल त्याने सगळी उडवायची, छापा पडेल तेवढी त्याची. कमावलेलं सगळं अशा एका डावावर लावायचं, हे कळलं की पुढचं ‘अँड लूज’ आपोआप हळू येतं. त्याच कडव्यात ‘होल्ड ऑन’ दोनदा आहे. दुसरं ओरडू नका. थकलेल्या शरीराला मनाने दिलेला तो हुकूम आहे, दबक्या आवाजात जास्त लागतो.

शेवटच्या ओळीत ‘विच इज मोअर’च्या दोन्ही बाजूंना थांबा. ‘माय सन’च्या आधी मात्र श्वास घेऊ नका.