ग्रीक-रोमन देवांच्या जोड्या लावताना या चुका टाळा

झ्यूस म्हणजे ज्युपिटर, हेरा म्हणजे जुनो, पोसायडन म्हणजे नेपच्यून. एवढा तक्ता पाठ केला की विषय संपला, असं समजणारे नवशिके मला सारखे भेटतात. तक्ता खोटा नाही, पण त्यातलं 'म्हणजे' फार घात करतं.

सगळ्यात मोठी चूक: एका देवाच्या जागी दुसरा बसवणं

मुलांसाठी लिहिलेल्या ग्रीक कथांचं एक हस्तलिखित माझ्याकडे तपासायला आलं होतं. लेखकाला रोमन नावं जास्त ओळखीची वाटली, म्हणून त्यानं संगणकावर एका फटक्यात सगळी नावं बदलून टाकली. त्यामुळे अथेना या देवीच्या जागी तिची रोमन जोड मिनर्व्हा आली आणि 'मिनर्व्हाच्या नावावरून शहराला अथेन्स म्हणू लागले' असं वाक्य छपाईच्या तोंडावर येऊन ठेपलं होतं. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. खरा घोटाळा ट्रॉयच्या युद्धात झाला होता.

त्या युद्धावरच्या होमरच्या 'इलियड' या ग्रीक महाकाव्याच्या पाचव्या सर्गात अथेनाच्या मदतीनं डायोमिडीझ हा माणूस युद्धदेव अरेसच्या पोटात भाला खुपसतो. नऊ-दहा हजार योद्ध्यांनी एकदम आरोळी ठोकावी तसा अरेस ओरडतो आणि रक्त दाखवत झ्यूसपुढे तक्रार घेऊन जातो. बाप त्याला जवळ घेत नाही. ऑलिंपसवरच्या सगळ्या देवांत तूच मला सर्वांत नकोसा आहेस, असं तोंडावर सुनावतो आणि मगच जखमेवर उपचार करायला लावतो. हस्तलिखितात हे सगळं अरेसची रोमन जोड असलेल्या मार्सच्या वाट्याला आलं होतं.

रोममध्ये मार्सची जागा वेगळीच होती. तो रोमच्या स्थापनेच्या कथेतल्या जुळ्या भावांचा, रोम्युलस आणि रीमसचा बाप, म्हणजे अख्ख्या शहराचा पूर्वज. जुन्या रोमन पंचांगाचा पहिला महिना, मार्च, त्याच्या नावाचा. शेतीवर लिहिणाऱ्या केटोनं मार्सची प्रार्थना दिली आहे: डुक्कर, मेंढा आणि बैल शेताभोवती फिरवायचे आणि 'पिता मार्स, रोगराई दूर ठेव, धान्य आणि द्राक्षं पिकू दे, गुरं-गुराखी सुखरूप ठेव' असं मागायचं. अरेसकडे असं काही मागणारा ग्रीक शेतकरी मला वाचनात भेटलेला नाही. पहिला रोमन सम्राट ऑगस्टस यानं इ.स.पू. 2 मध्ये आपल्या नव्या चौकात 'सूड घेणाऱ्या मार्स'चं भव्य देऊळ अर्पण केलं. ज्या देवाला रोमन एवढा मान देत, त्याला त्या मुलांच्या पुस्तकात रडवायचं?

मी सगळी नावं मुळावर आणायला लावली. मुदत हुकली, लेखक नाराज झाला, पण मला त्याचं वाईट वाटत नाही. वेळ वाचवायला केलेली असली कामं दुप्पट वेळ खातात. कथा ग्रीक असेल तर नावं शेवटपर्यंत ग्रीकच ठेवा.

माझी सवय सांगतो. वहीत देवाचं नाव लिहिलं की खाली देऊळ कुठे, सण कधी, लोक काय मागत, हे आधी लिहायचं. जोडीदाराचं नाव सगळ्यात शेवटी, तेही पेन्सिलीनं.

'रोमनांनी देव चोरले' म्हणणं

हे वाक्य ऐकलं की मला राग येतो. साम्य एकाच वाटेनं आलेलं नाही. झ्यूस, ज्युपिटर आणि ऋग्वेदातला द्यौष्पिता यांचं मूळ एकच, आणि ते रोम वसण्याच्या कितीतरी आधीचं. मिनर्व्हावर रोमच्या शेजारच्या एट्रुस्कन लोकांची छाप आहे. अपोलो मात्र ग्रीकांकडून नावासकट घेतला: साथ आली म्हणून इ.स.पू. 433 मध्ये रोमनांनी त्याच्या देवळाचा नवस बोलला. पुढे इ.स.पू. 293 च्या साथीनंतर ग्रीसमधल्या एपिडॉरसहून वैद्यकाचा देव अॅस्क्लेपियस आणला आणि टायबर नदीतल्या बेटावर त्याची स्थापना केली. संकटात नवस बोलून, वाजतगाजत आणलेल्या देवाला चोरी म्हणत नाहीत. ज्या रोमन देवांच्या ग्रीक जोड्या आपण पाठ करतो त्यांचा सोहळाही असाच संकटातला. इ.स.पू. 217 मध्ये कार्थेजचा सेनापती हॅनिबल यानं इटलीतल्या ट्रासिमीन सरोवरापाशी रोमन सैन्य कापून काढल्यावर बारा रोमन देवांना दोघादोघांना शेजारी बसवून मेजवानी मांडली गेली. तिथे नेपच्यूनशेजारी मिनर्व्हा होती, मार्सशेजारी व्हीनस.

बाकीच्या, थोडक्यात

प्रत्येक रोमन देवाला ग्रीक जोड शोधू नका. दारांचा, आरंभाचा दोन तोंडी जेनस ग्रीसमध्ये नाही, हे खुद्द रोमन कवी ओव्हिडनं लिहून ठेवलंय.

हेस्टिया आणि व्हेस्टा दोघी चुलीच्या देवता खऱ्या, पण रोममध्ये व्हेस्टाचा अग्नी विझणं हे राज्यावरचं अरिष्ट मानत.

पोरं गिळणारा क्रोनस आणि काळाचा क्रोनॉस वेगळे.

पाताळाचा ग्रीक देव हेडीस, त्याची रोमन जोड म्हणून तक्त्यात दिलेलं प्लूटो हे नावही मूळचं ग्रीकच.

ग्रहांवरून आपले देव जुळवू नका. व्हीनस म्हणजे शुक्र, हे आकाशापुरतं ठीक. व्हीनस ही ट्रॉयचा वीर ईनियस याची आई, तर शुक्राचार्य असुरांचे गुरू. ज्युपिटर देवांचा राजा आहे, बृहस्पती देवांचे पुरोहित.