कुंडीतला देवचाफा: फांदी लावण्यापासून फुलं येईपर्यंत

देवळाच्या आवारात असतो तो जाड फांद्यांचा, पांढऱ्या फुलांचा आणि मधे पिवळ्या रंगाचा चाफा, कुणी देवचाफा म्हणतं कुणी खुरचाफा, नर्सरीत हल्ली प्लुमेरिया म्हटलं की पटकन काढून देतात. मी त्याच्याबद्दलच बोलतोय, सोनचाफा आणि हिरवा चाफा ही वेगळी झाडं, त्यांना यातलं काही लावू नका. हा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा, खोडात पाणी साठवून कोरडे महिने काढणारा. एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं, कारण घरातले बहुतेक चाफे पाणी कमी पडून नाही, जास्त होऊन जातात.

बी लावायच्या भानगडीत पडू नका, फुलायला तीन वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात आणि फूल आईझाडासारखंच येईल याची खात्री नाही. सरळ फांदी आणा. फेब्रुवारी ते मे हा बेस्ट काळ. एक ते दीड फुटाची, करड्या सालीची जून फांदी हवी, हिरवी कोवळी लवकर सडते. कापल्यावर पांढरा चीक गळतो, तो डोळ्यात जाऊ देऊ नका, काहींच्या त्वचेलाही आग होते, ग्लोव्हज घाला. शेंड्याची बारकी पानं ठेवून बाकीची काढा आणि फांदी सावलीत, हवेशीर जागी दहा-पंधरा दिवस तशीच पडू द्या. मला माहितीय, घाई होते, पण कापलेली जागा बोटाला कडक आणि कोरडी लागेपर्यंत थांबाच, ओल्या जखमेतूनच बुरशी आत शिरते.

माती म्हणाल तर लाल माती, जाड वाळू किंवा बारीक खडी आणि जुनं शेणखत, साधारण सारखंच प्रमाण. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) कमीत कमी, पावसाळ्यात ते ओलं ते ओलंच राहतं. कुंडी मातीची असली तर उत्तम, तळाची भोकं मोकळी आणि खाली बशी नको. फांदी तीन-चार इंच खोल लावा, हलू नये म्हणून काठीला बांधा, एकदा पाणी द्या आणि मग माती पूर्ण सुकल्याशिवाय परत देऊ नका.

इथे एक गंमत होते, महिनाभरात शेंड्याला पानं फुटतात आणि आपण खूश होऊन रोज पाणी घालायला लागतो. ती पानं फांदीतल्या साठ्यावर आलेली असतात, खाली मुळं असतीलच असं नाही! पानं मोठी होऊन ताठ टिकली की मग पाणी वाढवा. उपटून बघू नका प्लीज, मुळं काचेसारखी तुटतात. मधूनमधून बुंधा अंगठ्याने दाबून बघा, कडक असेल तर ठीक, मऊ लागला किंवा साल सुरकुतून काळी पडली तर सड लागलीय. तेव्हा फांदी काढून आतला गाभा स्वच्छ पांढरा दिसेपर्यंत खालून वर कापत जा, परत सुकवा, परत लावा. वेळेत पकडलं तर झाड वाचतं.

ऊन रोज सहा तास तरी हवंच, त्याशिवाय नुसती पानं. फुलांचा गुच्छ फांदीच्या टोकालाच येतो आणि बहुतेक वेळा त्याच्या खालून नवीन फांद्या फुटतात, म्हणजे जितकी टोकं जास्त तितकी फुलं जास्त, म्हणून नुसतंच लांब वाढलेलं झाड थंडी सरता सरता छाटायला घाबरू नका. खतात युरियासारखं नायट्रोजनवालं टाळा, उन्हाळ्याच्या सुरुवातीला गांडूळखत आणि मूठभर बोनमील (हाडांचा चुरा) पुरतं.

थंडीत पानं गळून नुसते दांडे उरले की लोक झाड मेलं समजून टाकून देतात, फार वाईट वाटतं बघून. फांदी कडक आहे ना, मग ते झोपलंय, पाणी जवळजवळ बंद करा, मार्चच्या आसपास आपोआप फुटेल.

पावसाळ्यात पानांखाली केशरी पूड दिसली तर तो तांबेरा, म्हणजे बुरशीचा रोग, ती पानं तोडून लांब टाका, कुंड्यांमधे अंतर ठेवा. मिलीबगला, म्हणजे पांढऱ्या कापसासारख्या किडीला, लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि लिक्विड सोपचे दोन-चार थेंब, संध्याकाळी फवारा.

विकत घेताना पान बघा. टोकदार पानाचा चाफा थंडीत बोडका होतो, रंग मात्र त्यात खूप, गुलाबी, लाल, पिवळा. गोल टोकाच्या, चकचकीत गडद पानांचा सहसा हिरवाच राहतो. आणि चमच्यासारख्या पसरट पानांचा, पांढऱ्या गुच्छांचा जो आता सोसायट्यांमधे सगळीकडे लावतात तो भरपूर फुलतो पण वास जवळजवळ नाहीच, त्यामुळे वासासाठी चाफा हवा असेल तर नर्सरीत संध्याकाळी जा, तेव्हा चाफ्याचा वास वाढतो, आणि फूल नाकाला लावूनच घ्या.