ऑइल कमी होतंय, पण गळत कुठेच नाही

१.२ लिटरची पेट्रोल गाडी, १,१०,००० किमी झालेली. १,००० किमीला साधारण ७०० मिली ऑइल गायब. खाली पुठ्ठा टाकून रात्रभर ठेवला, थेंब नाही. म्हणजे जळतंय.

धूर कधी येतो ते बघा. सकाळी सुरू करताना भपकन निळा धूर आणि मग साफ, किंवा घाट गिअरवर उतरून पुन्हा ॲक्सिलरेटर दाबल्यावर धूर, तर संशय व्हॉल्व्ह सीलवर (व्हॉल्व्हच्या दांड्यावरचं रबरी सील, वरचं ऑइल सिलिंडरमध्ये उतरू देत नाही). चढावर, लोडवर सतत धूर असेल तर पिस्टनवरच्या रिंगा. इथे पहिला प्रकार. पीसीव्ही व्हॉल्व्ह (इंजिनातले वायू परत इनटेकमध्ये सोडणारा; बिघडला तर त्यातूनही ऑइल ओढलं जातं) स्वस्त असतो, म्हणून आधी तोच बदलला. फरक शून्य.

कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) चारही सिलिंडरला १७० पीएसआयच्या आसपास. प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडूनही आकडा ५ नेच वाढला; रिंगा झिजलेल्या असत्या तर ऑइलने फट बुजून तो बराच चढला असता. रिंगा ठीक (ऑइल रिंग जाम असेल तर मात्र ही टेस्ट गप्प बसते).

सोळाही सील हेड न उतरवता बदलले. पिस्टन खाली असताना प्लगच्या भोकातून सुती दोरी भरायची, टोक बाहेर ठेवायचं, मग क्रँक हाताने फिरवून ती दाबायची. दोरी खालून टेकू देते, म्हणून स्प्रिंग काढली तरी व्हॉल्व्ह आत पडत नाही. जुने सील प्लॅस्टिकसारखे कडक, दोन चिरलेले. व्हॉल्व्हची स्प्रिंग धरून ठेवणारे छोटे लॉक बसवताना थोडं ग्रीस लावा आणि टाइमिंग चेनच्या खाचेत आधी फडकं कोंबा. तिथे लॉक पडलं की संध्याकाळ गेलीच.

पुढच्या १,००० किमीत डिपस्टिकवर जेमतेम २ मिमी फरक.