मुलांच्या डोळ्याला इजा झाल्यास या चुका टाळा

पानाच्या टपरीवर मिळणारी चुन्याची प्लास्टिकची पुडी हाताला मऊ लागते, त्यामुळे आजोबांच्या पानाच्या डब्याशेजारी ती सापडली की मूल ती दाबून पाहते. पुडी फुटते आणि चुना थेट डोळ्यात उडतो. चुना अल्कधर्मी असल्यामुळे वरच्या वर न थांबता बुबुळाच्या आत झिरपत जातो आणि दृष्टी कायमची अधू करू शकतो. अशा वेळी डोळा न धुताच टॅक्सी शोधायला धावणे ही सर्वांत महागात पडणारी चूक होय. नळाला पाणी येण्याची वेळ नसेल तर पिंपातले पिण्याचे पाणी घ्यावे, पापण्या बोटांनी उघड्या धराव्यात, आणि मूल कितीही रडले तरी 15 ते 30 मिनिटे नाकाकडून कानाकडे धार सोडत राहावे. चुना मारण्यासाठी लिंबाचा रस, थंडाव्यासाठी दूध किंवा गुलाबपाणी, यांपैकी काहीही डोळ्यात घालू नये. फिनेल किंवा बाथरूमचे ॲसिड उडाल्यासही हेच करावे. माझ्या मते चुन्याची पुडी घरातल्या औषधांइतक्याच उंचीवर ठेवली पाहिजे.

खराट्याच्या काडीचा बाण, पेन्सिल किंवा कंपासचे टोक डोळ्यात घुसले असेल, तर मात्र डोळा मुळीच धुऊ नये. रुतलेली वस्तू उपटू नये आणि दाबून पट्टीही बांधू नये. कागदी कप भोवतालच्या हाडावर टेकेल असा ठेवून चिकटपट्टीने बसवावा. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने मुलाला खाऊपिऊ घालू नये.

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये चेंडू लागल्यावर ‘रडून झोपला आहे, सकाळी बघू’ असे म्हणणे धोक्याचे आहे, कारण बाहेरून डोळा ठीक दिसत असतानाही आत रक्त साचलेले किंवा पडदा सरकलेला असू शकतो. लहान मुले एका डोळ्याने कमी दिसते हे सहसा सांगत नाहीत. चांगला डोळा तळहाताने झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरातील तारखा वाचायला लावाव्यात. तारखा वाचता आल्या तरी त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

डोळे आले होते तेव्हाचे उरलेले थेंब घालणे हीही चूकच आहे, कारण त्यात स्टेरॉइड असल्यास जखम चिघळू शकते. मुंबईत जे. जे., केईएम, नायर आणि शीव येथील सार्वजनिक रुग्णालयांत नेत्रविभाग आहेत. निघताना चुन्याची पुडी किंवा ॲसिडची बाटली सोबत घ्यावी.