पोटगी आणि मुलाचा ताबा: नाशिकच्या कोर्टात रोज दिसणाऱ्या या चुका टाळा

सहा हजार रुपये, दर महिन्याला, सव्वादोन वर्षं, आणि सगळे रोख. अंबडच्या एका कंपनीत कामाला असलेले एक दादा, कोर्टाने ठरवून दिलेली मुलीची पोटगी पगार झाला की सीबीएसच्या एसटी स्टँडवर जाऊन मेहुण्याच्या हातात द्यायचे, आणि मग एक दिवस घरी नोटीस आली की मागच्या वर्षभराचे 72,000 थकलेत, वसुली का करू नये. ते एक खिशातली छोटी डायरी घेऊन आले होते. निळ्या पेनाने प्रत्येक तारीख लिहिलेली, पण समोरच्याची सही एकाही पानावर नाही. बायको म्हणते मला एक रुपया मिळाला नाही, मेहुणा म्हणतो दिले असतील कधीतरी पण ते उसने होते. शेवटी हप्ते पाडून तेच पैसे त्यांनी परत भरले. डायरीची झेरॉक्स काढायला मीच गेले होते, पानांच्या कडा घामाने मऊ पडल्या होत्या, म्हणजे माणूस ती खरंच रोज खिशात ठेवत होता हो.

मी सीबीएसजवळ एका वकिलांकडे अकरा वर्षं टायपिंग करते. वकील नाहीये, पण पोटगीचे आणि ताब्याचे शेकडो अर्ज या हातांनी टाइप केलेत, आणि त्याच त्या चुका परत परत बघते. बहुतेक चुकांचं मूळ एकच आहे, ते म्हणजे मुलाच्या हक्काचे पैसे आणि मुलाच्या हक्काची भेट या दोन्ही गोष्टी आईबाप आपल्या भांडणात वापरतात. म्हणून हे लिहिते.

रोख पैसे देऊ नका, मधल्या माणसाकडे तर नाहीच

आईच्या खात्यावर टाका, फोन पे करा, एनईएफटी करा, आणि रिमार्कमध्ये "पोटगी जून" असं लिहा. मेहुणा, मामा, शेजारची काकू यांच्या हाती काही नको. आईने खातं नंबर दिला नाही तर वकिलांना सांगून कोर्टात रक्कम भरा, पावती मिळते. शाळेची फी तुम्ही परस्पर भरता, चांगलंच आहे, पण ती पोटगीत धरायची की वेगळी हे कोर्टाच्या आदेशात किंवा समझोत्यात लिहून घ्या, नाहीतर वर्षभराने कळतं की फी पण गेली आणि पोटगीची थकबाकी आहे तशीच आहे.

"पैसे नाही तर भेट नाही", आणि "भेट नाही तर पैसे नाहीत"

ही सगळ्यात मोठी चूक, आणि दोन्ही बाजू करतात. मागच्या मार्चमधला एक शनिवार मला विसरता येत नाही. दिंडोरीकडचे एक बागायतदार, मुलगा सात वर्षांचा, कोर्टाने महिन्यातून दोन शनिवार भेट दिलेली. ते द्राक्षांची एक पेटी घेऊन दुपारपासून बसलेले, वरचा कागद सारखा उघडून बघायचे की मणी गळले तर नाहीत ना. पाच वाजले तरी मुलगा आला नाही. ताईंचं म्हणणं तीन महिन्यांचे पैसे आले नाहीत, मग मी मुलाला का आणू. आता त्यांचं दुःख खरं होतं, घरभाडं, शाळेची रिक्षा, सगळं एकटीवर, पण पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी अर्ज दिला की आई आदेश पाळत नाही, आणि तीन महिने पैसे थकवणाऱ्या माणसाऐवजी ताईच उत्तर देत उभ्या राहिल्या.

कायद्यात पोटगी आणि भेट एकमेकांना बांधलेल्या नाहीत. पैसे आले नाहीत तर वसुलीचा अर्ज करा, त्यासाठी वॉरंट निघतं, आणि तरीही भरले नाहीत तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते, आणि आत जाऊन आलं म्हणून देणं माफ होत नाही, ते अंगावर तसंच राहतं. भेट मिळाली नाही तर ताब्याच्या केसमध्ये आदेश पाळला जात नाही म्हणून अर्ज करा, आणि प्रत्येक वेळी साधा मेसेज ठेवा, "आज ठरल्याप्रमाणे 3 ते 5 थांबलो, मूल आणलं नाही". शिव्या नकोत, टोमणे नकोत, तो मेसेज उद्या न्यायाधीश वाचणार आहेत असं समजून लिहा. मूल आजारी असेल तर आईनेही तसंच करायचं, आदल्या दिवशी कळवायचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीचा फोटो पाठवायचा आणि बदली दिवस स्वतःहून सुचवायचा.

शाळेच्या गेटवरून मूल उचलून न्यायचं तर डोक्यातसुद्धा आणू नका. कोर्टाची परवानगी न घेता असं मूल नेणाऱ्याची बाजू पुढे फार अवघड होते, आणि ते पोर सहा महिने शाळेच्या गेटकडे बघून दचकतं.

स्टॅम्पवरची फारकत

अजूनही होतं हे, शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवर चार पंच बसवून, नोटरी करून लिहून घेतात की आजपासून आमचा संबंध नाही, मुलगी आईकडे राहील आणि आई कधीच पोटगी मागणार नाही. हिंदू विवाह कायद्याने झालेलं लग्न असल्या कागदाने मोडत नाही. काही समाजांत रूढीने काडीमोड असतो, पण ती रूढी कोर्टात सिद्ध करावी लागते. आणि पोटगी मागणार नाही हे वाक्य तर मुलाला लागूच होत नाही, कारण ती पोटगी मुलाची आहे, आईला ती सोडून द्यायचा अधिकार नाही. परस्पर संमतीच्या घटस्फोटात एकरकमी घेऊन मुलाचं सगळं मिटलं असं लिहिलं तरी मुलाच्या गरजा वाढल्यावर अर्ज करता येतो. म्हणून समझोता करताना ताबा कोणाकडे, भेटीचे वार आणि वेळ, दिवाळीची आणि मे महिन्याची सुट्टी कशी वाटायची, व्हिडिओ कॉल कधी, फी आणि दवाखान्याचा खर्च कोणी किती, दरवर्षी वाढ किती, हे सगळं लिहा. "आपसात ठरवू" हे शब्द तिथे नकोतच, आपसात ठरत असतं तर कोर्टात कशाला आलो असतो.

उत्पन्नाचा पुरावा: इथे केस हरतात किंवा जिंकतात

बऱ्याच ताई येऊन सांगतात, त्यांना भरपूर मिळतं. किती? भरपूर. याने कोर्टात काही होत नाही. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर 2020 मध्ये रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सांगितलं की पोटगीच्या केसमध्ये दोघांनीही मालमत्ता आणि देणी यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, त्याचे नमुने निकालातच आहेत, आणि शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. आपल्याकडे निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या केसेसमध्ये हे फार कामाचं आहे. शेतीच्या उत्पन्नावर इन्कम टॅक्स नाही, त्यामुळे रिटर्न मागून काही हाती लागत नाही, आणि समोरचा म्हणतो माझ्या नावावर गुंठाभर जमीन नाही, सगळं वडिलांचं आहे. मग काय जमवायचं? सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतो, सातबाऱ्यात पिकांची नोंद दिसते. बाजार समितीत कांदा विकल्याच्या हिशोबपट्ट्या, द्राक्ष व्यापाऱ्याकडून बँकेत आलेली रक्कम, सोसायटीचं पीककर्ज, ट्रॅक्टरचा हप्ता. हप्ता भरतोय म्हणजे कुठूनतरी पैसा येतोय. स्वतःला मिळत नसतील ते कागद समोरच्याला हजर करायला लावा, तसा अर्ज करता येतो.

नोकरीवाल्यांचं वेगळं. पगारपत्रकात हातात येणारा आकडा 14,000 दाखवतात, आणि वरची कपात बघितली तर सोसायटीचं कर्ज, गाडीचं कर्ज, जास्तीचा पीएफ. इन्कम टॅक्स आणि सक्तीचा पीएफ अशी कपात कोर्ट धरतं, स्वतःच्या मर्जीने काढलेल्या कर्जाचे हप्ते सहसा धरत नाही. म्हणून एका महिन्याची स्लिप पुरत नाही, फॉर्म 16 (वर्षाच्या पगाराचा आणि कापलेल्या टॅक्सचा कंपनीने दिलेला दाखला) आणि वर्षभराचं बँक स्टेटमेंट मागा, ओव्हरटाइम त्यातच दिसतो. आणि केस लागल्यावर नोकरी सोडली म्हणून पोटगी थांबत नाही, धडधाकट माणसाने कमवून पोराला पोसायचं हे कोर्टांनी पुन्हा पुन्हा सांगितलंय.

25 टक्क्यांचा नियम पण सगळे सांगतात. 2017 च्या एका निकालात पगाराच्या 25 टक्क्यांचा उल्लेख आला तो धरून लोक बसलेत, पण तसा ठरलेला नियम नाही, कमीही मिळतं जास्तही मिळतं, गरज किती आणि ऐपत किती यावर आहे. आई कमावती असली तरी मुलाच्या बाबतीत बापाची जबाबदारी संपत नाही, फार तर दोघांच्या कमाईच्या प्रमाणात वाटली जाते.

उशीर

वेगळं झाल्यावर दोन-तीन वर्षं माहेरी काढतात, नांदायला बोलावतील म्हणून वाट बघतात. वाट बघा हो, संसार वाचत असेल तर कोणाला नकोय, पण पोटगी साधारण अर्जाच्या तारखेपासून मिळते, वेगळं झाल्याच्या तारखेपासून नाही. तेवढे महिने मुलाचे गेलेच. अर्ज केल्याने संसार तुटत नाही, कौटुंबिक न्यायालयात आधी समुपदेशकच बसवून बोलतात, त्या तारखा चुकवू नका.

मूळ अर्जाबरोबरच अंतरिम पोटगीचा, म्हणजे केसचा निकाल लागेपर्यंतच्या पोटगीचा अर्ज द्या. नोटीस बजावल्यापासून शक्यतो 60 दिवसांत तो निकाली काढावा असं कायदा म्हणतो, प्रत्यक्षात लांबतं, म्हणून तर पहिल्याच दिवशी द्यायचा. आणि आदेश झाल्यावर पैसे थकले तर एका वर्षाच्या आत वसुलीचा अर्ज करा, त्याहून जुनी थकबाकी पोटगीच्या कलमाखाली वॉरंटने वसूल होत नाही. पुढच्या महिन्यात देतो, बोनस झाला की देतो, असं ऐकत चार वर्षं गेलेल्या ताईंना तीन वर्षं यात धरता येत नाहीत हे सांगताना माझ्या घशात आवंढा येतो.

एक छोटी गोष्ट, पोटगीचं हे कलम जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत 125 होतं, म्हणून सगळे अजून "एकशे पंचवीसची केस" म्हणतात, पण 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, त्यात ते कलम 144 झालंय. धर्म कुठलाही असो, ते सगळ्यांना लागू आहे.

बापमाणसांची चूक वेगळी, नोटीस घ्यायचीच नाही. पोस्टमनला नाही म्हणून सांगतात. "घेण्यास नकार" असा शेरा पडला की नोटीस मिळाली असंच धरतात, एकतर्फी आदेश होतो, आणि तो रद्द करून घ्यायला साधारण तीन महिनेच मिळतात. नोटीस घ्या, वकील द्या, म्हणणं मांडा. नोकरी खरंच गेली असेल तर रक्कम कमी करण्याचा अर्ज करता येतो, परिस्थिती बदलली की आदेश बदलतो, आपल्या मनाने पैसे बंद करायचे नाहीत.

वयाचे गैरसमज

पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे, हे हिंदूंसाठीच्या 1956 च्या कायद्यात आहे. पाच पूर्ण झाली की बापाकडे, असं कुठेही नाही. मुलाचं हित कशात आहे एवढंच कोर्ट बघतं, आणि ताब्याचा आदेश कधीच कायमचा दगडावर कोरलेला नसतो. ताब्याचा अर्ज मूल जिथे नेहमी राहतं तिथल्या कोर्टात चालतो, म्हणून मूल नाशिकला असताना पुण्यात केस टाकून सहा महिने घालवू नका. मुलीचं शिक्षण चालू असेल, लग्न झालेलं नसेल आणि ती स्वतःचं भागवू शकत नसेल तर अठरानंतरही हिंदू दत्तक व पोटगी कायद्याखाली तिला मागता येतं.

मूल जरा समजतं झालं की न्यायाधीश त्याला चेंबरमध्ये बोलावून एकट्याशी बोलतात. इथे काही जण मुलाला पाठ करून आणतात. नऊ वर्षांचं पोर बाहेर बाकावर बसून ओठ हलवत "पप्पा मला मारायचे, मला आईकडेच राहायचंय" म्हणत होतं, मध्येच विसरायचं आणि आजीकडे बघायचं. न्यायाधीशांना हे लगेच कळतं, पाठ केलेलं मूल मोठ्यांचे शब्द बोलतं. आणि त्याने खरंच मार खाल्ला असेल तर? तेही मग पाठ केल्यासारखंच वाटतं. मुलाला एवढंच सांगा, साहेब विचारतील ते खरं सांग, तुझ्यावर कोणी रागावणार नाही.

पैशाअभावी वकील नसेल तर थांबू नका. बाई आणि मूल यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, 1987 च्या कायद्याने. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करायचा, तालुक्याला तालुका समिती असते, आणि 15100 या नंबरवर फोन केला तरी माहिती मिळते. केसची पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या अॅपवर सीएनआर नंबर, म्हणजे प्रत्येक केसला मिळणारा स्वतःचा नंबर, टाकून बघता येते, फक्त कोणाच्या तरी फोनची वाट बघत बसू नका.

जाताना काय न्यायचं? लग्नाचा दाखला किंवा पत्रिका-फोटो, मुलांचे जन्मदाखले, आधार, शाळेच्या फीच्या पावत्या, आणि खर्चाची वही. सिडकोतल्या एका ताईंनी दोनशे पानी वही आणली होती, पहिल्या पानावर गणपतीचं चित्र आणि आत रोजचं सगळं, रिक्षा 700, चष्म्याची काच 450, सहलीचे भरले नाहीत. त्या शेवटच्या नोंदीपुढे रक्कम नव्हती. त्या वहीवरून आम्ही महिन्याच्या खर्चाचा तक्ता केला, पावत्या मागे जोडल्या, आणि अंतरिम अर्जावर युक्तिवाद चालू असताना न्यायाधीशांनी ती मूळ वही मागून घेतली आणि पानं उलटत बराच वेळ वाचली.