ट्राउट माशाची नदी कशी बघायची, मांजरा नदीकाठच्या माणसांसाठी

लातूर-बीडकडची बरीच मंडळी मे महिन्यात कुलू-मनालीला जातात, ब्यासच्या काठावर फोटो काढतात अन् परत येतात. माझं म्हणणं एवढंच, की मंडीहून येताना औटच्या बोगद्याअलीकडं बंजारच्या रस्त्याला वळा आणि एक अख्खी सकाळ गुशैणी गावात ट्राउटच्या तीर्थन नदीला द्या.

गेल्या गेल्या आधी पाण्यात हात घाला. बोटं बधिर होतात, कारण हे वरच्या बर्फाचं पाणी, ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधून खाली येतं. सगळा खेळ या गारव्याचा आहे. 10 डिग्रीच्या पाण्यात लिटरमागं साधारण 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 डिग्रीला साडेसातच, आणि पाणी 20 च्या वर गेलं की ट्राउटचे हाल सुरू होतात. मे महिन्यात आपल्या मांजराचा डोह किती तापतो ते तुम्हाला माहितीच आहे, म्हणून हा मासा आपल्याकडं नाही. तसा तो तिथलाही नाही म्हणा, इंग्रजांनी 1909 च्या सुमारास कुलूत आणून सोडला.

आता मासा कुठं बघायचा? आपल्याकडं गळ टाकणारा सरळ डोह गाठतो. इथं डोहाचं तोंड बघा, जिथं वरून खळखळत आलेलं पाणी खोलात पडतं तिथं. त्या खळखळाटात हवा मिसळते, वाहत येणारे किडे तिथूनच खाली जातात, आणि ट्राउट मोठ्या गोट्याच्या आडोशाला, संथ पाण्यात, तोंड प्रवाहाकडं करून थांबलेला असतो म्हणजे ताकद लागत नाही अन् खाणं समोरून येतं. पाण्यावर फेसाची रेघ दिसते ना, वेगवान आणि संथ पाण्याच्या मधली, तीच धरून बघत जा. पाण्यावरची चमक कापणारा पोलराइज्ड गॉगल असेल तर घाला, आणि खाली बसा, सावली पाण्यावर पडली की मासा गेलाच.

काठाजवळचा एखादा दगड उलटा करा. खालच्या बाजूला छोटे किडे, बारीक खड्यांची नळी करून राहणाऱ्या अळ्या दिसतील. हेच त्याचं जेवण. बघून झालं की दगड होता तसा परत ठेवा, खरंच ठेवा. बारीक खडीच्या पट्ट्यावरून तर चालूच नका, थंडीच्या तोंडाला मादी त्यात अंडी घालते आणि खडीत गाळ बसला की अंडी गुदमरतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मासेमारी बंद असते, एरवीही लायसन्स लागतं.

वेळ सकाळचीच धरा. ऊन चढलं की वरचा बर्फ वितळतो अन् दुपारनंतर पाणी वाढतं, गढूळही होतं, आभाळ मात्र स्वच्छ असतं त्यामुळं आपल्या लक्षातच येत नाही. पुढं लारजीला तीर्थन ब्यासला मिळते, तिथं धरण आहे. त्याच्या खालच्या पात्रात कोरडं दिसलं तरी पाय ठेवू नका, जून 2014 मधे धरणातून सोडलेल्या पाण्यात कॉलेजची 24 पोरं वाहून गेली.

परत आलात की पावसाळ्यात पाटोद्याजवळ सौताड्याच्या धबधब्याला जा. दगड तिथल्यासारखा पांढुरका क्वार्टझाइट नाही, आपला लाव्ह्याचा काळा कातळ आहे, तरी गोट्यामागचं संथ पाणी अन् फेसाची रेघ शोधा, सापडते.